के. अलमेलूची आई

रविवारच्या कॉलवर तुम्ही दोघांनी मला दोन प्रश्न विचारलेत. अन्वीने विचारलं, "आजी, तुझ्या मागच्या कपाटावर तो बटणांचा जुना फोन चार्जिंगला का लावलाय?" आणि ईशानने विचारलं, की त्याच्या वर्गाला स्वतःची वेबसाइट करायची आहे, साधन मुलांनीच निवडायचंय, तर शिकाऊ माणसाला कोणतं बरं पडेल. मी म्हटलं, लिहून कळवते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते म्हणजे एक माणूस.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि जन्मभर शिकवलंही इंग्रजीच. पण या माणसाबद्दल मी इंग्रजीत लिहायला बसले की त्याचा तक्रारअर्ज होतो. तसा अर्ज मी एकदा लिहिलेला आहे. म्हणून हे मराठीत. अडेल तिथे आईला विचारा.

नुंगंबाक्कमच्या आमच्या शाळेत ते कॉम्प्युटर लॅब सांभाळत. सगळे त्यांना 'सार' म्हणत. इथे तमिळ मुलखात सरांना सार म्हणतात. नाव मी लिहिणार नाही, त्यांना ते खपणार नाही. उंच, किडकिडीत, कपाळावर गोपीचंदनाची बारीक रेघ, शर्टाच्या खिशाला झाकण आणि झाकणाला बटण. ते बटण मी कधी उघडं पाहिलं नाही. लॅबला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत. मग जिना उतरत, अर्ध्यातून परत वर येत आणि चौथ्यांदा ओढत. शिपाई म्हणायचा, चोर एक वेळ कंटाळेल, सार नाही कंटाळणार.

त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर एक मरून टिकली चिकटवलेली असे, बायकोच्या पाकिटातली. मी एकदा म्हटलं, "सार, मशीनला टिकली?"

"त्याला डोळा आहे, अक्का," ते म्हणाले. "ज्याला डोळा आहे त्याची दृष्ट लागते."

आमचं बोलणं मराठीत चाले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचं. घरात मराठीच, पण निराळी. 'विचारा' नाही, 'पुसा'. 'नको' नाही, 'नक्को'. आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला तमिळ हेल. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा गृहस्थ माझी थट्टा करतोय. त्यांना वाटलं, मी पुस्तकातून वाचून दाखवतेय. "तुम्ही रेडिओवाणी बोलतां," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. आम्ही स्टाफरूममध्ये मराठी बोलायला लागलो की बाकीचे गप्प होत. आम्ही दोघं मिळून काही शिजवतोय असा त्यांचा समज होता. खरं म्हणजे आमचाच एकमेकांवर विश्वास नव्हता.

कुठल्याही फॉर्मवर ते स्वतःची खरी जन्मतारीख लिहीत नसत. प्रत्येक ठिकाणी वेगळी. मग वर्षातून सहा-सात वेळा कुठून ना कुठून शुभेच्छांचा मेसेज येई, आणि त्या दिवशी सार शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट घेऊन येत आणि सगळ्यांना वाटत. मी विचारलं, "आज खरा वाढदिवस आहे का?"

"नाही. पण कोणी तरी आठवण केली ना. त्याचं तोंड गोड नक्को का करायला?"

खरी तारीख कुठली हे मला आजही ठाऊक नाही. तीन चिक्क्या मार्चमध्ये येत, म्हणून मार्च नसावा एवढंच मी ताडलं आहे.

आता ईशानचा विषय. शाळा ऑनलाइन भरायची ते दिवस नुकतेच संपले होते. प्राचार्यांनी ठरवलं, की प्रत्येक वर्गाची स्वतःची वेबसाइट हवी. नुसती फोटो लावलेली नाही, तर रोज बदलणारी. गृहपाठ येईल, मुलं उत्तरं लिहितील, गुण दिसतील, आया प्रश्न विचारतील. निवृत्तीनंतरही शाळेने मला ठेवून घेतलं होतं, माझं काम व्यवस्थित असतं म्हणून. साधन निवडायची समिती झाली, मी तिची प्रमुख आणि सार तिचे जाणकार.

न बदलणारं पान आणि बदलणारं पान यांतला फरक शिक्षिकांना समजत नव्हता. मी फळ्यावर आकृती काढली, तरी नाही. सार उठले आणि म्हणाले, "दारांत स्टिकरचं कोलम लावतां ना? ते पहिलं. आणि रोज सकाळी सडा घालून पिठानं काढतां ते दुसरं. स्टिकर सोपं. पण घरांत मयत झालं तरी स्टिकर दारांत हसत बसतं. हातानं काढणारी बाई त्या दिवशी काढत नाही. वेबसाइटला आज घरांत काय झालं ते ठावं पाहिजे." इथल्या रांगोळीला कोलम म्हणतात हे तुम्ही पाहिलंय. त्यानंतर तो फरक कोणी पुन्हा विचारला नाही.

तीन साधनं नमुन्याला घ्यायची ठरली. पहिलं फुकटचं, चित्रं उचलून इकडून तिकडे ठेवली की पान तयार. पाचवीच्या मिसने दहा मिनिटांत फुलपाखरं उडवून दाखवली. दुसरं होतं शाळांसाठी बनवलेलं तयार पॅकेज, शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीचं. ते दाखवायला आलेला तरुण माझा जुना विद्यार्थी निघाला. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. "मिस, माझं इंग्रजी म्हणजे तुमचं इंग्रजी," म्हणाला. अक्षर त्याचं शाळेतही मोत्यासारखं होतं. तिसरं साधन सारांचं. ते कोणालाही वापरायला मोकळं होतं, पण स्वतःच्या मशीनवर बसवावं लागे. मशीन म्हणजे लॅबमधल्या टेबलाखालचा जुना डबा, वर धूळ बसू नये म्हणून पंचा पांघरलेला. त्यात पान बनवायचं तर आधी तक्ता बनवा, मग तक्त्याला नाव द्या, मग पानाला सांगा की तक्त्यातून वाच. दिसायला ते सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखं हिरवं होतं. शिक्षिका त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

सारांची परीक्षा घ्यायची रीत उलटी होती. बाकीचे विचारत, यात काय काय करता येतं? सार कुठलंही साधन उघडलं की आधी बाहेर पडायची वाट शोधत. घातलेलं सगळं आपल्या हातांत परत कसं येतं आणि त्यांच्याकडचं कसं पुसलं जातं, ते आधी. ते सापडेपर्यंत एक अक्षर घालत नसत. "आंत जायाचं दार सगळे हार घालून दाखवतात," ते म्हणत. "मागलं दार कुठं आहे ते पुसा." माझ्या विद्यार्थ्याला त्यांनी तेच विचारलं. तो हसून म्हणाला, "सार, कोणी बाहेर जातच नाही." सारांनी वहीत काही तरी टिपलं.

त्या तरुणाने जाताना मला अटींचं लांबलचक पान दाखवलं, खाली चौकोन. मी टिचकी मारून मोकळी झाले. सार दारात उभे होते.

"वाचलंत, अक्का?"

"हो," मी म्हटलं.

मी वाचलं नव्हतं. किराणाची यादी दोनदा वाचणारी मी. पण ज्याने मला नमस्कार केला त्याचा कागद त्याच्यासमोर बसून वाचायचा, हे मला अपमानासारखं वाटलं.

पुढची भानगड नमुन्याच्या यादीवरून झाली. सार म्हणत होते, खोटी नावं घाला. मी म्हटलं, खऱ्या आयांनी वापरल्याशिवाय कळणार कसं? पाचवीची चाळीस मुलं, त्यांचे गुण, आयांचे फोन नंबर असं सगळं तिन्ही साधनांत घातलं. सार त्या दिवशी माझ्याशी मराठीत बोलले नाहीत, तमिळमध्ये बोलले.

आठवड्याने मी याद्या तपासायला बसले. एका यादीत 'के. अलमेलू', दुसरीत 'पी. अलमेलू', तिसरीत 'व्ही. अलमेलू'. इथे आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर मुलीच्या नावाआधी लागतं, त्याला सगळे इनिशियल म्हणतात. म्हणजे एकाच मुलीला तीन वडील. मला असली ढिलाई सोसत नाही. पहिल्या यादीत 'के.' होतं, म्हणून बाकी दोन साधनांत जाऊन मी पी. आणि व्ही. काढून के. केलं. माझी सवय तुम्हांला माहीत आहे, काही खोडायचं तर आधी काय होतं ते वहीत लिहायचं. तसं लिहिलं आणि विसरले.

मग हजेरीपटाशी ताडून पाहिलं. पाचवीत अलमेलू नावाची मुलगीच नव्हती. खरं तर ते आधीच खटकायला हवं होतं, आजकाल कोण मुलीचं नाव अलमेलू ठेवतं? पण यादीत ती होती. एक्केचाळिसावी, अपूर्णांकांत कच्ची, आणि तिच्या आईचा मोबाइल नंबरही होता.

मी तो नंबर लावला. त्या वेळी मी लॅबच्या बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते. आतून, सारांच्या टेबलाच्या खणातून, घंटी ऐकू आली. खण उघडल्याचा आवाज आला, आणि मग माझ्या कानात, बारीक केलेल्या आवाजात, तमिळमध्ये: "हलो, अलमेलूची अम्मा बोलते."

मी फोन ठेवला. खिडकीतून मला दिसत होतं. कपाळावर गोपीचंदन, खिशाला बटण, हातात बटणांचा फोन आणि चेहऱ्यावर एखाद्या बाईचा भाव.

मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. शाळेच्या यादीत नसलेली मुलगी, तिच्या आईच्या नावाने लपवलेला फोन, तीन तीन बाप. मी सरळ आत जाऊन विचारायला हवं होतं. पण दारात उभं राहून त्यांनी मला 'वाचलंत?' म्हणून विचारलं होतं, तो सूर माझ्या डोक्यात होता. मी घरी गेले आणि प्राचार्यांना दीड पानी इंग्रजी पत्र लिहिलं. त्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तुमचे आजोबा वाचून म्हणाले, "छान लिहिलंयस. पण माणूस कुठे दिसत नाही यात."

पत्र प्राचार्यांच्या टेबलावर पोचलं त्याच आठवड्यात पाचवीच्या आयांना फोन यायला लागले. कुठलासा शिकवणीवाला. "तुमचा मुलगा अपूर्णांकांत कच्चा आहे ना? आमच्याकडे पाठवा." ज्याचं इंग्रजी कच्चं त्याच्या आईला इंग्रजीच्या शिकवणीसाठी फोन. आया शाळेच्या फाटकाशी जमल्या. आमच्या मुलांचे गुण बाहेर कोणी विकले, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सगळ्या याद्या हाताळणारा माणूस एकच होता.

प्राचार्यांनी बैठक बोलावली. त्या, मी, पाचवीची मिस आणि सार. माझं पत्र टेबलावर उघडं होतं. सारांनी खिशाचं बटण उघडलं, मी पहिल्यांदाच पाहिलं ते, आणि बटणांचा फोन काढून पत्राशेजारी ठेवला.

"ही मुलगी माझी आहे," ते म्हणाले. "म्हणजे मी बनवलेली. ज्या साधनावर भरवसा नाही त्यांत मी हिला भरती करतों. इनिशियल प्रत्येक ठिकाणी वेगळी देतों. कोणी नावं चोरली तर चोर या फोनवर येतो आणि अलमेलूच्या आईला पुसतो. तो कुठली इनिशियल म्हणाला त्यावरून कळतं, कुणाच्या घरांतून गेलं."

"मग आला फोन?" प्राचार्यांनी विचारलं.

"काल आला. के. अलमेलूची आई का, म्हणून पुसलं. के म्हणजे माझं मशीन. पंच्याखालचं. मी बसवलेलं. माझ्याच घराचं दार उघडं राहिलं. अक्कांचा संशय बरोबर होता."

त्यांनी लॅबच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सवयीने जुडगा एकदा ओढून पाहिला, सगळ्या आहेत ना म्हणून.

पाचवीची मिस माझ्याकडे आदराने बघत होती. माझ्या हातात पेन्सिल होती. पी. आणि व्ही. मी ज्या पेन्सिलीने वहीत उतरवले होते तीच. तीन घरांवरच्या तीन वेगळ्या पाट्या काढून मी तिन्हीवर एकच पाटी लावली होती, आणि ती नेमकी त्यांच्या दाराची. मी त्या बैठकीत काही बोलले नाही. हे तुम्हांला सांगायला मला आवडत नाही, पण झालं ते असं. मी पेन्सिल पर्समध्ये ठेवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांनी साखळी लावूनच उघडलं, मग साखळी काढली. मी बसले नाही, उभ्यानेच वहीचं पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तिघांकडेही ती के. होती," ते हळू म्हणाले.

"हो."

"म्हणजे कुणाकडून गेलं ते ठावं नाही."

"नाही. पण तुमच्याकडूनच गेलं, असं म्हणता येत नाही."

त्यांनी आतल्या खोलीकडे बघून बायकोला कॉफी सांगितली. मग वही परत देताना म्हणाले, "अक्का, मी रात्रभर त्या मशीनचे सगळे स्क्रू आठवत होतों. आणि तुम्हांला तीन बापांची लाज वाटली." हसले नाहीत. मीही हसले नाही. कॉफी मात्र दोघांनी घेतली. ते टंबलर ओठांना न लावता वरून ओतून पीत, आणि त्या दिवशीही एक थेंब सांडला नाही.

मी प्राचार्यांना तोंडी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, शोधायला एक महिना देते; तोवर किल्ल्या माझ्याकडेच राहतील, आयांना मी एवढंच सांगेन की चौकशी चालू आहे. खऱ्या मुलांची नावं आम्ही तिन्हीकडून काढली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी सारांच्या म्हणण्याप्रमाणे, म्हणजे ज्यात एकही मूल खरं नाही असा वर्ग. शिक्षिकांनी आपापले नंबर आया म्हणून दिले. नावं, गुण, खोड्या आम्ही दोघांनी मिळून बनवल्या. शाळा सुटल्यावर लायब्ररीत बसायचो. दोन म्हाताऱ्या माणसांनी चाळीस पोरं जन्माला घालायची म्हणजे भांडणं आलीच.

"इतके नापास कशाला?" मी म्हणायची.

"जो कच्चा त्याच्याच आईला फोन येतो. हुशार पोरांची चोराला काय गरज?"

"मग अलमेलू कशात कच्ची?"

"या वेळी तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, इंग्रजीत. ते म्हणाले, "बिचारी."

इनिशियलही मीच द्याव्यात, असा त्यांनी हट्ट धरला. कुठल्या साधनाला कुठली दिली ते त्यांना सांगायचं नाही. "मला ठावं असलं तर मी हवं तेंच ऐकीन," ते म्हणाले. "मन मोठं चोर आहे." अलमेलूचा फोनही त्यांनी माझ्या हवाली केला. बाईचा आवाज बाईनेच काढावा, म्हणाले. मी वहीत लिहिलं: फुलपाखरांचं साधन, टी. सारांचं मशीन, एन. माझ्या विद्यार्थ्याचं पॅकेज, एस. वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. ते मला कधी विचारत नव्हते. फक्त रोज सकाळी जिन्यात भेटले की म्हणत, "चार्ज केलात?"

अठराव्या दिवशी मी टी. नगरला होते, तुमच्या आईसाठी साडी घ्यायला. त्या गर्दीत पर्समधून घंटी ऐकू आली. मी दुकानाच्या पायरीवर एका कोपऱ्यात सरकले आणि फोन उचलला.

तमिळमध्ये एक गोड आवाज: "एस. अलमेलूची आई का, मॅडम?"

"हो, बोलतेय."

"मुलगी इंग्रजीत फारच कच्ची आहे ना? काळजी करू नका. आमच्याकडे पाठवा."

"तुम्हांला कसं कळलं?"

"सगळं सिस्टिममध्ये असतं, मॅडम."

मी म्हटलं, तिच्या वडिलांना विचारून सांगते, आणि फोन ठेवला. साडी न घेता ऑटोत बसले.

नुंगंबाक्कमपर्यंतचा रस्ता त्या दिवशी मला फार लांब वाटला. एस. कोणाचं ते या जगात फक्त मला ठाऊक होतं. मी टी. म्हटलं असतं तर फुलपाखरांच्या साधनावर खापर फुटलं असतं. ते फुकटचं, त्याचा मालक कुठल्या देशात असतो कोणाला ठाऊक. माझा विद्यार्थी वाचला असता, त्याच्या कागदावरची माझी टिचकी वाचली असती, आणि सारांचं मशीनही निर्दोष ठरलंच असतं. सगळ्यांचं नीट झालं असतं. हा विचार मनात आला होता, हे तुमच्यापासून लपवत नाही.

आणि मग आणखी एक विचार आला. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला स्वतःची जन्मतारीख खरी सांगितली नाही, त्याने उत्तराची वही माझ्याकडे का सोपवली? खरी परीक्षा कोणाची चालली होती? तो संशय मला आजही आहे. त्यांना विचारलं तर ते सांगणार नाहीत.

ते लायब्ररीतच होते. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "एस. म्हणून विचारलं."

त्यांनी बोट ठेवून ओळ वाचली. मग मला वाटलं होतं तेच विचारलं.

"ते अटींचं पान. वाचलं होतंत ना, अक्का?"

"नाही," मी म्हटलं.

"सरी," ते म्हणाले. इथे 'ठीक आहे' याला सरी म्हणतात. त्यानंतर तो विषय त्यांनी माझ्याशी कधी काढला नाही.

ते पान मी त्याच संध्याकाळी वाचलं. शेवटून तिसऱ्या परिच्छेदात सरळ लिहिलं होतं, की माहिती 'शिक्षणक्षेत्रातील सहयोगी संस्थांना' देता येईल. इंग्रजी उत्तम होतं. माझ्या विद्यार्थ्याला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मिस, यात लपवलेलं काहीच नाही. तुम्ही मान्य केलंत." त्याच्या म्हणण्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. हे साडेतीन पानी. के. कशी झाली, कोणी केली, चौकोनावर टिचकी कोणी मारली आणि बैठकीत कोण गप्प बसलं, सगळं क्रमाने. प्राचार्यांना विनंती केली, की हे फाटकाशी जमलेल्या आयांनाही वाचून दाखवावं. त्यांनी दाखवलं. मी शेजारी उभी होते. दोन-तीन आया माझ्याशी पुढे वर्षभर बोलल्या नाहीत. एकीने मात्र विचारलं, "ती अलमेलू पुढे पास झाली का?" किल्ल्या सारांना त्याच दुपारी परत मिळाल्या. त्यांनी मोजल्या, कुलूप लावून तीनदा ओढलं, जिना उतरले. मी खाली उभी होते. ते अर्ध्यातून परत वर गेले.

शाळेने शेवटी तेच हिरवं, कुरूप साधन घेतलं. शिक्षिकांना तक्ते बनवायला शिकायला सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत त्यांनी सारांना आणि मला भरपूर टोमणे मारले. पाचवीच्या मिसने हिरव्यावरही एक फुलपाखरू बसवलंच, हलत नव्हतं ते. ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असावं. सोपं कुठलं ते दहा मिनिटांत कळतं. मागलं दार शोधायला दुपार घालव, आणि चौकोनावर टिचकी मारण्याआधी सगळं वाच, विशेषतः कोणी तुला नमस्कार केला असेल तर. खऱ्या मित्रांची नावं घालायच्या आधी महिनाभर अलमेलूला पाठव. इनिशियल तू ठरव, वहीत लिही आणि बहिणीलाही सांगू नकोस. नंबर माझ्याकडचा दे. तो फोन मी दर रविवारी चार्ज करते. सार जाताना तो माझ्याकडेच ठेवून गेले.

गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन तंजावरकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी चिक्की वाटली. कोणी तरी विचारलं, आज कोणता वाढदिवस? ते म्हणाले, "आज कुठलाच नाही." मग एकेकाला बाजूला घेऊन चिठ्ठीवर आपला नवा पत्ता दिला. मलाही दिला. घरी येऊन मी तो माझ्या पत्त्यांच्या वहीत उतरवायला घेतला, आणि पेन्सिल थांबली. चिठ्ठीवर त्यांच्या नावाआधी 'जी.' होतं. शाळेच्या हजेरीपटावर इतकी वर्षं त्यांची इनिशियल वेगळी होती, मी ती हजारदा वाचली आहे.

मी पत्ता उतरवला. जी. तसंच ठेवलं.